घबराटीची गोळी : लपवू नका, आपल्या मनाने सोडू नका

२०२२ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या वस्तीतून दोन बसगाड्या नागपूरला गेल्या होत्या. परतीच्या रात्री आमच्या गाडीतील एक भगिनी अचानक ताठ झाल्या, डोळे फिरले आणि हातपाय झटके देऊ लागले. गाडीत एकच गोंधळ उडाला. कोणी नाकाशी चप्पल धरली, कोणी कांदा मागितला, कोणी दातांत चमचा घालायला धावले. त्यांना यापूर्वी कधीही फीट आलेली नव्हती. वाटेतल्या एका दवाखान्यात गाडी नेली. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी त्यांच्या पतीला विचारले, "यांना कसली गोळी चालू आहे का?" पती प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही साहेब, हिला कसलीच गोळी नाही."

आम्ही शेजारीच उभे होतो. गोळी चालू होती, हे आम्हाला ठाऊक होते. एवढेच नव्हे तर ती गोळी सोडायला आम्हीच सांगितले होते. तरीही बराच वेळ आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांच्या घरच्यांसमोर त्यांचे गुपित कसे उघडे करावे, हाच विचार डोक्यात होता. शेवटी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितले, तेव्हा कुठे योग्य उपचार सुरू झाले. त्या भगिनी आज बऱ्या आहेत. "बाई, माझं नाव टाकू नका, पण गोष्ट जरूर लिहा," असे त्या म्हणाल्या, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

झाले होते असे. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्या पतीचे काम सुटले. घरभाडे, मुलांची फी, सासूबाईंचे दुखणे, सारा भार चार घरच्या स्वयंपाकाच्या कामावर आला. काही महिन्यांनी रात्री छातीत धडधड होऊ लागली. हृदयाचा झटका आला असे समजून त्या दोनदा दवाखान्यात धावल्या. तपासण्या चांगल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, ही घबराट आहे. त्यांनी अल्प्राझोलाम नावाची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली आणि पंधरा दिवसांनी परत यायला सांगितले. पण परत जायचे म्हणजे कामाचा खाडा. औषधाचा दुकानदार ओळखीचा. जुन्या चिठ्ठीवर तो गोळ्या देत राहिला. पंधरा दिवसांचे वर्ष झाले, दोन गोळ्यांच्या चार झाल्या. पाकीट तांदळाच्या डब्यात लपवलेले. घरात कोणाला पत्ता नाही.

नागपूरला जाण्याच्या आधी त्यांनी आम्हाला विश्वासात घेऊन हे सांगितले. आम्ही काय उत्तर दिले? "ताई, अशा गोळ्यांची सवय बरी नव्हे. आपण बुद्धाची लेकरं. मन खंबीर करा आणि सोडून द्या." त्यांनी आमचा शब्द मानला. पाकीट डब्यातच ठेवून त्या गाडीत बसल्या. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, झोप उडाली, आवाज सहन होईना. आम्ही म्हणालो, गर्दीचा आणि उन्हाचा त्रास असेल. तिसऱ्या रात्री फीट आली.

आमचा हेतू वाईट नव्हता, पण आमचे ज्ञान अपुरे होते. आपल्या वस्तीत असा सल्ला देणारे आम्ही एकटे नाही. म्हणून त्यानंतर आम्ही डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

घबराट हा आजार आहे, दुबळेपणा नव्हे

परीक्षेच्या आधी किंवा घरात आजारपण असताना जीव घाबरा होणे स्वाभाविक आहे. पण काळजी महिनोन्‌महिने पाठ सोडत नसेल, छातीत धडधड, हाताला घाम, पोटात गोळा, झोप नाही, चिडचिड, असे होऊन कामधंदा बिघडत असेल, तर तो आजार समजावा. कोणाला अचानक काही मिनिटांतच असा झटका येतो की आता प्राण जातो असे वाटते.

अशा वेळी प्रथम डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावे. थायरॉईडचा विकार, रक्त कमी असणे, रक्तातील साखर उतरणे, हृदयाचे काही आजार यांतही हीच लक्षणे दिसतात. छातीत दुखत असेल तर "घबराटच असेल" असे घरी बसून ठरवू नये. तसेच "बाहेरचे झाले" म्हणून बुवा-भगताकडे जाण्यात पैसा आणि वेळ दोन्ही घालवू नये. बाबासाहेबांनी आपल्याला त्या वाटेवरून केव्हाच बाहेर काढले आहे.

घबराटीवर गोळी हाच एक उपाय आहे असेही नाही. समुपदेशकाकडे ठराविक बैठका घेऊन विचार आणि वागण्याची पद्धत बदलण्याचा उपचार असतो. त्याचा गुण अनेकांना गोळीइतकाच येतो. काहींना दोन्ही एकत्र लागतात. हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात

आपण सरसकट "झोपेची गोळी" किंवा "टेन्शनची गोळी" म्हणतो. सारा घोटाळा इथूनच सुरू होतो. घबराटीच्या औषधांचे ढोबळमानाने तीन प्रकार लक्षात ठेवावेत.

पहिला प्रकार तातडीच्या गोळ्यांचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही त्यांची नावे. बहुधा अर्ध्या-एक तासात बरे वाटू लागते. या घराण्यातील पहिले औषध क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली बाजारात आले आणि १९६३ साली डायझेपाम आले. त्या काळी ही औषधे फार निर्धोक समजली जात. पुढे कळून आले की काही आठवडे रोज घेतल्यावर शरीराला त्यांची सवय लागते. म्हणून डॉक्टर ती साधारण दोन ते चार आठवड्यांसाठीच देऊ पाहतात. सवय झाल्यावर एकदम बंद केल्यास थरकाप, निद्रानाश, भ्रम, आणि काहींना फीट येते. क्वचित जिवावरही बेतते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या सर्व गोळ्यांच्या माहितीपत्रकावर सवय आणि एकदम बंद करण्याच्या धोक्याचा चौकटीतला इशारा छापण्याचा आदेश दिला. आमच्या भगिनींची गोळी याच घराण्यातली होती.

दुसरा प्रकार सावकाश काम करणाऱ्या गोळ्यांचा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही त्यांतली नावे. या उदासपणावर देतात, तशाच घबराटीवरही देतात. यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, थोडी जास्तच अस्वस्थता होऊ शकते. पुष्कळ लोक "आठ दिवस घेतली, उपयोग नाही" म्हणून इथेच सोडतात. धीर धरावा. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सहसा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर सोडल्यास आजार उलटतो. या गोळ्यांची नशा नसते, परंतु यासुद्धा एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते. म्हणून यादेखील हळूहळूच कमी करतात. पंचविशीच्या आतील मुलामुलींना ही गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. क्वचित जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढतात. तसे दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तिसरा प्रकार प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांचा. ही मूळची रक्तदाबाची आणि हृदयाची गोळी. छातीतील धडधड आणि हाताचा कंप थांबवण्यासाठी ती देतात. दमा असलेल्याने ती घेऊ नये, श्वास अडकू शकतो. मधुमेहाच्या रोग्याला साखर उतरल्याची धडधड या गोळीमुळे जाणवत नाही, म्हणून त्यानेही डॉक्टरांना आधी सांगावे.

आता एक खुबी ध्यानात घ्या. कधी एकाच गोळीत दोन औषधे असतात. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम यांची जोडगोळी आपल्याकडे सर्रास मिळते. पोटदुखी-जळजळीवर देतात त्या काही गोळ्यांतही क्लोरडायझेपॉक्साइड मिसळलेले असते. रोग्याला वाटते आपण पोटाची गोळी घेतो, पण शरीराला सवय दुसऱ्याच औषधाची लागते. तसेच एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावाने विकतात. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहिलेली गोळी आतून एकच निघते, आणि डोस दुप्पट होतो. म्हणून पाकिटावरचे मोठे नाव न पाहता त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे खरे नाव वाचावे. आपल्याला इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. मिलिग्रॅमचा आकडाही पाहावा. ०.२५ आणि ०.५ यांत दुपटीचा फरक आहे. मधला ठिपका पुसट असला तर ०.५ चे ५ वाचले जाते.

डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगाव्यात

चिठ्ठी लिहून घेताना आपण घाईत असतो. बाहेर रांग, घरी कामे. परंतु पुढील गोष्टी सांगितल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.

१. दारू. घेत असाल तर किती आणि केव्हा, खरे सांगा. तातडीच्या गोळ्या आणि दारू दोन्ही श्वास मंद करतात. दोन्ही एकत्र झाल्यास झोपेतच श्वास थांबून माणूस जातो. "गोळी दुपारची, दारू रात्रीची" हा हिशेब खोटा आहे, कारण गोळीचा अंमल पुष्कळ तास राहतो. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडायची असेल तर तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

२. दुखण्याच्या आणि खोकल्याच्या गोळ्या. ट्रामाडोल ही दुखण्याची गोळी किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध तातडीच्या गोळीबरोबर घेतल्यास श्वासाला धोका असतो. सर्दीच्या गोळीनेही झोप वाढते. एस्सिटालोप्रामसारख्या गोळीबरोबर कंबरदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. शौचास काळी झाली तर ताबडतोब दाखवावे.

३. गजकर्णाचे आणि क्षयाचे औषध. गजकर्णावरच्या इट्राकोनाझोल, किटोकोनाझोल या गोळ्यांमुळे अल्प्राझोलाम शरीरात साठत जाते आणि गुंगी फार वाढते. क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे उलट होते, गोळीचा असर उतरतो. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयात लिनेझोलिड देतात. ते एस्सिटालोप्रामसारख्या गोळीबरोबर घेतल्यास ताप, थरकाप, गोंधळ अशी गंभीर अवस्था होऊ शकते. क्षयाच्या डॉक्टरांना मनाची गोळी आणि मनाच्या डॉक्टरांना क्षयाची गोळी दाखवलीच पाहिजे.

४. गरोदरपण आणि अंगावरचे दूध. दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल तर सांगा. बाळंतपणाच्या सुमारास तातडीच्या गोळ्या घेतल्यास मूल सुस्त जन्मते, नीट पीत नाही. पण दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळी एकदम बंद करू नये. त्याने आईलाच धोका होतो.

५. वय आणि जुने आजार. साठीच्या पुढे या गोळ्यांनी तोल जातो, विस्मरण वाढते. रात्री उठताना म्हातारी माणसे पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. त्यांना डोस कमी लागतो. कावीळ होऊन गेली असेल, दमा असेल, झोपेत मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल तर तेही सांगा.

६. काम. रिक्षा, डंपर, क्रेन चालवणारे, प्रेस मशीनवर उभे राहणारे, परांचीवर चढून रंगकाम करणारे, यांनी आपला धंदा डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे. नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर गुंगी किती येते हे कळेपर्यंत गाडी आणि यंत्राला हात लावू नये. बोटे गेली तर कोणती गोळी ती परत आणणार?

७. झाडपाल्याची चूर्णे आणि काढे. "ते तर साधे आयुर्वेदिक आहे" म्हणून लपवू नका. काहींनी गुंगी वाढते.

घरातली शिस्त

गोळी रोज ठरल्या वेळी, ठरली तेवढीच घ्यावी. एक वेळ चुकली तर आठवताच घ्यावी. पण पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नये. त्रास जास्त झाला म्हणून आपल्या मनाने डोस वाढवू नये. आमच्या भगिनींच्या दोनाच्या चार अशाच झाल्या. गोळीचा असर कमी वाटू लागला की समजावे, शरीर सवय लावून घेत आहे. अशा वेळी जास्त गोळी न घेता डॉक्टरांकडे जावे.

दिवसाला सात-आठ कप चहा पिऊन वर घबराटीची गोळी घेणे म्हणजे एका हाताने पाणी ओतून दुसऱ्या हाताने उपसणे. चहा-कॉफीने धडधड वाढते. मिश्री, तंबाखूने क्षणभर बरे वाटते, पण तलफ आली की अस्वस्थता परत येते.

पाकीट लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, शक्य असल्यास कुलपात ठेवावे. पण निदान एका मोठ्या माणसाला ते कुठे आहे आणि कशाचे आहे हे ठाऊक असावे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिकामे पाकीट एका पिशवीत जपून ठेवावे. गावी, लग्नाला, दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना गोळ्या दिवस मोजून, दोन दिवसांच्या जादा घेऊन, चिठ्ठीसह जवळच्या पिशवीत ठेवाव्यात.

आपली गोळी शेजारणीला देऊ नये आणि शेजारणीची आपण घेऊ नये. "मला गुण आला, तू पण घे" हे आपल्या वस्तीतले प्रेम आहे, हे आम्ही जाणतो. पण तिला दमा आहे की दिवस गेलेत, हे आपल्याला काय माहीत? अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी औषधे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही येतात. अशी देवघेव अंगाशी येऊ शकते.

कोणी चुकून किंवा रागाच्या भरात पुष्कळ गोळ्या घेतल्या तर उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि रिकामे पाकीट डॉक्टरांना दाखवावे. फीट आली तर माणसाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आजूबाजूचे टोकदार सामान हलवावे. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये. चप्पल आणि कांदा यांनी फीट थांबत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा पहिल्यांदाच आली असेल, तर दवाखान्यात न्यावेच.

थांबवायची कशी?

आमच्या भगिनींना पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. तिथे गोळी पुन्हा सुरू केली, हे पाहून आम्हाला प्रथम आश्चर्य वाटले. डॉक्टरांनी समजावले, "जिना चढून गेलात, आता खिडकीतून उडी मारू नका. जिन्यानेच उतरा." त्यांनी दुसरी सावकाश काम करणारी गोळी जोडीला दिली आणि आधीची थोडीथोडी कमी करत नेली. एक पायरी उतरल्यावर त्रास झाला तर तिथेच काही दिवस थांबायचे. जवळजवळ सहा महिने लागले. कोणाला कमी लागतात, कोणाला जास्त. जितकी वर्षे आणि जितका डोस, तितका उतार लांब. हे वेळापत्रक प्रत्येकाचे वेगळे असते. म्हणून दुसऱ्याचे पाहून आपण गोळीचे तुकडे करू नयेत.

औषध-दुकानदाराशी वागणे

अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी काही औषधे १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरांचे नाव, रोग्याचे नाव, औषध आणि किती दिले हे लिहून ती नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. दुकानदाराने "नवी चिठ्ठी आणा" म्हटले तर तो आपला अपमान समजू नये. तो आपले भले करतो आहे. उलट जो ओळखीखातर जुन्या चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या देतो, तो आपला मित्र नव्हे.

पंचशीलाचा प्रश्न

आमच्या भगिनींना एक शंका सतावत होती. आपल्याही मनात ती असेल. "आम्ही पाचवे शील घेतो. मग ही गोळी घेणे म्हणजे शीलभंग नव्हे का?"

आमचे उत्तर स्पष्ट आहे. पाचवे शील बेसावध करणाऱ्या नशेपासून दूर राहण्याचे आहे. आजारी माणसाने ठरल्या मात्रेत घेतलेले औषध म्हणजे नशा नव्हे. तथागतांनी भिक्खूंच्या चार गरजांत चीवर, भोजन आणि निवास यांच्या बरोबरीने औषधालाही स्थान दिले. परंतु तीच गोळी मौजेसाठी, दुःख विसरण्यासाठी, सांगितल्यापेक्षा जास्त घेतली, तर मात्र ती औषध राहत नाही.

तसेच ध्यानाबाबत. आनापानाने मन स्थिर व्हायला मदत होते, हा अनेकांचा अनुभव आहे. पण दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचे म्हणून कोणी गोळ्या बंद करू नयेत. शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधे विचारलेली असतात. तिथे खरे तेच लिहावे. सत्य लपवून ध्यानाला बसण्यात कसली साधना?

मदत कुठे मिळेल?

खासगी डॉक्टर परवडत नाही म्हणून पुष्कळजण दुकानदारालाच डॉक्टर करतात. त्यांनी पुढील ठिकाणे लक्षात ठेवावीत. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. ठाणे, पुणे येथील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागात नुसते दाखवून घरी येता येते. तिथे पाऊल टाकले म्हणजे वेडा ठरलो, असे मुळीच नाही. ज्यांचा पगारातून कामगार विमा कापला जातो त्यांनी विमा रुग्णालयात विचारावे.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट, मराठीतूनही बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर एकट्याने रात्र काढण्यापेक्षा हा फोन लावावा.

आणखी एक गोष्ट. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने प्रत्येकाला सरकारी यंत्रणेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला, आणि आपल्या आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचाही हक्क दिला. म्हणजे डॉक्टरांना सारे खरे सांगितले म्हणून ते वस्तीत पसरत नाही. उपचार ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो आपला अधिकार आहे, आणि अधिकार मागून घ्यायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

शेवटी

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या पतीने आम्हाला विचारले, "बाई, तिनं मला का नाही सांगितलं?" आम्ही काय उत्तर देणार? रक्तदाबाची गोळी आपण सर्वांसमोर ताटाशेजारी ठेवतो, साखरेची गोळी पाहुण्यांसमोर घेतो. मग मनाच्या गोळीनेच तांदळाच्या डब्यात का लपावे? गोळी लपली की चुका वाढतात. डॉक्टरांकडे परत जाणे टळते, डोस मनाने वाढतो, दारू आणि इतर औषधांबद्दल कोणी विचारत नाही, आणि संकटाच्या वेळी खरे बोलणारे कोणी उरत नाही.

आणि आमच्यासारख्या सल्ला देणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. कोणी विश्वासाने आपल्याजवळ मन मोकळे केले, तर "सोडून दे" असे म्हणू नका. "गोळी कोणी लिहून दिली? परत केव्हा बोलावलंय? चल, मी बरोबर येते," एवढेच म्हणा. आम्ही हे म्हणालो असतो तर ती रात्र आली नसती.

आता त्या भगिनींच्या घरी गोळ्यांची पिशवी देव्हारा नसलेल्या त्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खिळ्याला लटकते. तीत सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत आणि त्यांची स्वतःची, आता उरलेली ती एकच सावकाश काम करणारी गोळीही आहे. रात्री जेवण झाले की त्यांचा धाकटा मुलगा दोघींना आठवण करतो. आपल्याही घरी अशी पिशवी सर्वांना दिसेल अशा जागी लागो, एवढीच इच्छा. जयभीम.